बेकन, हॅम आणि चौरीस : नाव एक, जिन्नस अनेक



हुबळीहून धारवाडास जाताना साधारण मध्यावर आमचे नवनगर लागते. येथे पाहुणा आला की निघतेवेळी त्याच्या हाती धारवाडी पेढ्यांचा पुडा ठेवावयाचा, हा घरोघरचा शिरस्ता आहे. एकदा पुण्याहून आलेल्या आमच्या एका वयोवृद्ध आप्तांनी तो पुडा तेथेच उघडून पाहिला आणि अत्यंत सौम्य स्वरात ते म्हणाले, "हलवायाची कढई लागली वाटते. पेढे करपलेत." त्यांच्या डोळ्यांपुढे पेढा म्हणजे केशरी झाक असलेला, पिवळसर, मऊ जिन्नस. धारवाडी पेढा खवा आणि साखर तांबूस-तपकिरी होईपर्यंत परतून, वर पिठीसाखरेत घोळवून करतात. तो करपलेला नसतो. तसा रंग येईतो परतणे हेच त्याचे वैशिष्ट्य होय. आप्तांनी एक पेढा तोंडात टाकला आणि त्यांचा गैरसमज दूर झाला. परंतु गैरसमज होण्याचे कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. नाव तेच होते, वस्तू निराळी होती; आणि माणूस वस्तूआधी नाव ऐकतो.

आज मी ज्या विषयासंबंधी बोलणार आहे तो ऐकून आपणांपैकी काही जण कदाचित नाक मुरडतील. डुकराचे मांस मीठ लावून, मुरवून, वाळवून किंवा धुरावून टिकविण्याची जी पद्धत जगात सर्वत्र आहे, तिच्यातून निपजणाऱ्या पदार्थांच्या नावांचा हा विषय आहे. जे हे मांस खातात त्यांनी तर तो समजून घ्यावाच. परंतु जे मुळीच खात नाहीत, त्यांना त्याची अधिक गरज आहे असे माझे मत आहे. आपल्या घरोघरची मुले आज शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी जातात. तेथे दुकानातल्या फळीवर किंवा उपाहारगृहाच्या पत्रकावर जे नाव लिहिलेले असते त्याचा अर्थ आपण समजतो तोच असेल, अशी खात्री देता येत नाही.

माझ्या भाच्याचीच गोष्ट पाहा. तो आधी दोन वर्षे अमेरिकेत होता आणि तेथून इंग्लंडला गेला. पहिल्याच आठवड्यात त्याने एका दुकानातून गुलाबी रंगाच्या मांसाच्या चकत्या आणल्या. पाकिटावर 'गॅमन' असे लिहिलेले होते. रंग हॅमसारखा, आकार हॅमसारखा. तेव्हा हा हॅमच, असे समजून त्याने त्या पावात घालून तशाच खाल्ल्या. पुढे दोन दिवस पोटाने त्याला अंथरुणातून उठू दिले नाही. दूरध्वनीवर तो मला म्हणाला, "मामा, वस्तू खराब नव्हती. मीच ती कच्ची खाल्ली." त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. गॅमन आणि हॅम ही दोन्ही डुकराच्या मागच्या मांडीचीच. दोन्ही मिठात मुरविलेली. परंतु इंग्लंडात गॅमन म्हणजे मुरविलेले पण न शिजविलेले मांस, आणि तेच शिजले म्हणजे हॅम. अमेरिकेत हा भेद नावाने दाखवीत नाहीत. तेथे दोहोंनाही हॅमच म्हणतात आणि ते शिजवून खावयाचे की तसेच, हे वेष्टनावर वेगळे छापतात. दोन देश, भाषा एक. परंतु एका शब्दाच्या अंतराने मुलगा आजारी पडला.

हा घोटाळा उलगडावयाचा तर प्रथम मांस टिकते कसे हे पाहिले पाहिजे. आपल्या कोकण किनाऱ्यावरील गृहिणीस हे शास्त्र शिकविण्याची आवश्यकता नाही. मीठ मांसातील पाणी ओढून घेते. पाणी गेले की कुजविणाऱ्या जंतूंची वाढ खुंटते. त्यावर ऊन किंवा वारा दिला की उरलेला ओलावाही जातो. धुरी दिली की धुरातील द्रव्यांचा थर बसून ते अधिक टिकते आणि त्यास विशिष्ट वास येतो. सोरा किंवा त्याच जातीचे नायट्राइट नावाचे क्षार मिठात मिसळले की मांसाचा रंग शिजल्यावरही गुलाबी राहतो आणि बोटुलिझम नावाची जी प्राणघातक विषबाधा आहे, ती घडविणाऱ्या जंतूंस आळा बसतो. माझ्या भाच्यास फसविले ते याच गुलाबी रंगाने. एरवी कच्चे मांस आणि शिजलेले मांस डोळ्यांस ओळखू येते. मुरविलेल्या मांसात ती खूणच पुसून जाते.

आता नावांकडे वळू. कोळीवाड्यात ताजी ती कोळंबी, सोलून वाळविली की सोडे. जवळा वाळला की कित्येक ठिकाणी त्याची सुकट होते. बोंबील मात्र ओला असो की सुका, बोंबीलच राहतो. म्हणजे काही नावे प्राण्याची किंवा त्याच्या अंगाची असतात, तर काही नावे त्यावर केलेल्या कृतीची. डुकराच्या मांसाच्या नावांचेही हेच दोन वंश आहेत. इंग्रजीतील 'हॅम' हा शब्द मुळात गुडघ्यामागच्या लवणीचा. त्यावरून तो मांडीचा झाला. 'गॅमन', फ्रेंच 'जांबाँ' आणि स्पॅनिश 'हामोन' हे तिन्ही शब्द पायाचेच. इटलीतील 'पांचेत्ता' म्हणजे पोटाचे मांस आणि 'ग्वांचाले' म्हणजे गालाचे. ही सारी नावे अंगाची. याउलट इटालियन 'प्रोशुत्तो' आणि पोर्तुगीज 'प्रेझुंतु' यांच्या मुळाशी 'शोषून कोरडे केलेले' असा अर्थ आहे. त्यात अंगाचा उल्लेखच नाही. चिनी लोक आपल्या खारवलेल्या मांडीस जे नाव देतात त्याचा शब्दशः अर्थ 'अग्निपाद' असा होतो; चेज्यांग प्रांतातील जिन्हुआ गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या एका नावात अंगही आले आणि रंगरूपही आले.

परंतु शब्दाच्या जन्मवेळचा अर्थ त्याच्याशी जन्मभर एकनिष्ठ राहतोच असे नाही. 'बेकन' या शब्दाचे उदाहरण पाहा. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचे नाते जर्मन वंशातील 'पाठ' या अर्थाच्या शब्दाशी आहे. इंग्लंडात पूर्वी डुकराची एक सबंध बाजू खारवून टांगून ठेवीत. एसेक्स परगण्यातील डनमो गावी तर एक वर्ष आणि एक दिवस परस्परांशी न भांडलेल्या पतिपत्नींना अशी सबंध बाजू बक्षीस देण्याची प्रथा शतकानुशतके आहे, आणि आजही दर चार वर्षांनी तो समारंभ होतो. पुढे बाजू सबंध विकण्याऐवजी तिचे भाग विकले जाऊ लागले. इंग्रज गिऱ्हाइकाने पाठीचा भाग पसंत केला, म्हणून तेथे नुसते बेकन म्हटले की पाठीच्या रुंद, मांसल चकत्या समोर येतात. पोटाच्या भागात मांस आणि चरबी यांचे पट्टे आलटून-पालटून असतात. त्यास तेथे 'स्ट्रीकी', म्हणजे पट्टेदार, असे विशेषण लावतात.

अटलांटिक ओलांडला की चित्र पालटते. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या व्याख्येप्रमाणे नुसते बेकन म्हणजे डुकराच्या पोटाचे मुरविलेले मांस. दुसऱ्या भागाचे असेल तर तो भाग नावात सांगावा लागतो. ज्या शब्दाच्या मुळाशी पाठ आहे, तो अशा रीतीने पोटाचा होऊन बसला! मग पाठीच्या मांसास काय म्हणावे? अमेरिकन त्यास 'कॅनेडियन बेकन' म्हणतात. कॅनडातील माणसास हे नाव परके वाटते. तो त्यास 'बॅक बेकन' म्हणतो. आणि टोरोंटोची खासियत असलेले 'पीमील बेकन' तर धुरावलेलेही नसते. ते मिठाच्या पाण्यात मुरवून पूर्वी वाटाण्याच्या पिठात आणि आता मक्याच्या पिठात घोळवितात. नाव वाटाण्याचे राहिले, पीठ मक्याचे झाले. आयर्लंडात कोबीबरोबर जे बेकन वाढतात ते पातळ चकत्यांचे नसून सबंध तुकडा उकडून केलेले असते. चकत्यांना तेथे 'रॅशर' असे स्वतंत्र नाव आहे. फ्रान्समधील दुकानात 'बेकन' मागितले तर बहुधा पाठीच्या मांसाच्या बिनचरबीच्या गोल चकत्या मिळतील. एकच शब्द पाच देशांत फिरला आणि प्रत्येक ठिकाणी त्याने निराळा वेष धारण केला.

अमेरिकेत आणखीही काही नावे नवख्यास चकविणारी आहेत. 'पिकनिक हॅम' या नावाने पूर्वापार विकला जाणारा तुकडा मांडीचा नसून पुढच्या खांद्याचा असतो. 'बॉस्टन बट' या नावातील दुसऱ्या शब्दाने आपले लक्ष जनावराच्या मागच्या बाजूस जाते. परंतु तो तुकडाही खांद्याचाच. येथे मागचे पुढे आणि पुढचे मागे झालेले आहे.

इतके सारे झाले तरी यात फार तर फजिती होईल, असे कोणी म्हणेल. ज्यास हे मांस वर्ज्य आहे, त्याच्या दृष्टीने मात्र प्रश्न फजितीपुरता राहत नाही. 'लार्ड' हा शब्द घ्या. इंग्रजीत लार्ड म्हणजे डुकराची कढविलेली चरबी. फ्रेंचमध्ये त्याच अक्षरांचा 'लार' म्हणजे मांसासकट चरबीचा तुकडा, बेकनचा भाऊबंद. आणि त्याचे बारीक तुकडे म्हणजे 'लार्दाँ'. अंडी, साय आणि पिठाचे कवच असलेला 'कीश लोरेन' हा लोरेन प्रांताचा पदार्थ वरून निरुपद्रवी दिसतो; परंतु अंड्यास ज्यांची हरकत नाही अशा आपल्या माणसांनीही जाणून असावे की त्यात हे लार्दाँ असतातच. जर्मनीत 'श्पेक' म्हणजे चरबीदार बेकन. तोच शब्द इटलीच्या उत्तर सीमेवरील दक्षिण तिरोलमध्ये गेला की धुरावलेल्या मांडीचे नाव होतो. मांसाचा वाचक असा कोणताही परिचित शब्द यांपैकी एकाही नावात नाही.

याहून कठीण उदाहरण स्पॅनिश भाषेचे आहे. स्पेनमध्ये 'मांतेका' म्हणजे सामान्यतः डुकराची चरबी, आणि लोण्यास म्हणतात 'मांतेकिया'. अर्जेंटिनात मात्र 'मांतेका' म्हणजे लोणी! तेथे पावावर लोणी मागताना जो शब्द वापरावयाचा, तोच शब्द स्पेनमध्ये उच्चारला तर समोर भलतीच वस्तू येण्याचा संभव. पोर्तुगीज भाषेतील 'मांतेयग' पुन्हा लोणीच. चरबीस तेथे 'बान्य' म्हणतात. स्पेनमध्ये नाताळच्या सुमारास 'मांतेकादो' नावाची खुसखुशीत बिस्किटे घरोघरी असतात. ती गोड असतात, त्यांत मांसाचा कणही दिसत नाही. परंतु त्यांचे मोहन परंपरेने डुकराच्या चरबीचे असते. आणि त्याच स्पेनमध्ये 'तोसिनो दे सिएलो' नावाचे एक पक्वान्न आहे. नावाचा अर्थ 'स्वर्गातील खारवलेली चरबी' असा होतो. प्रत्यक्षात त्यात अंड्याचा पिवळा बलक आणि साखरेचा पाक यांखेरीज काही नसते. ज्याच्या नावात डुक्कर आहे त्यात ते नाही, आणि ज्याच्या नावात ते दिसत नाही त्यात आहे. चरबीच्या नुसत्या वार्तेने आपल्या देशात १८५७ साली केवढा वणवा पेटला हे इतिहास जाणणाऱ्यांस सांगावयास नको. आपण काय खातो हे ठाऊक असणे हा माणसाचा हक्क आहे. आणि तो हक्क पुष्कळदा एका शब्दाच्या अर्थावर टांगलेला असतो.

आतापर्यंत आपण दूरदेशी हिंडलो. आता घराजवळ येऊ. हुबळीहून धारवाड, अळणावर, लोंढा, कॅसलरॉक असा जो लोहमार्ग जातो तो पुढे दूधसागरचा घाट उतरून गोव्यात शिरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो झाला, आणि १९६१ सालापर्यंत कॅसलरॉक हे सरहद्दीचे स्थानक होते. त्या घाटाच्या पायथ्याशी, आपल्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर, नाव आणि वस्तू यांच्या ताटातुटीचे एक उत्कृष्ट उदाहरण दोऱ्यावर टांगलेले दिसते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलात तर लालभडक मण्यांच्या माळा लटकत असतात. ते गोव्याचे चौरीस.

हा शब्द पोर्तुगीज 'शोरीसु'वरून आला. स्पेनमधील 'चोरिसो' त्याचा सख्खा भाऊ. दुसऱ्या एका पोर्तुगीज शब्दावरून गोव्यात 'लिंगीस' हेही नाव चालते. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. त्यांच्याबरोबर ही कृती आली. पोर्तुगालमध्ये शोरीसु करताना मांसाच्या तुकड्यांस मीठ, लसूण, तिखटाची भुकटी आणि बहुधा द्राक्षांची दारू लावतात, ते आतड्याच्या पिशवीत भरतात आणि धुरावून वाळवितात. थंड, कोरड्या हवेत ते चांगले वाळते आणि पुष्कळदा नुसते कापूनही खाल्ले जाते. गोव्यात द्राक्षे नव्हती. समुद्रकाठची हवा दमट. वर्षाचे चार महिने मुसळधार पाऊस. तेथे सबंध मांडी टांगून हवेवर वाळविण्याचा बेत केला असता तर ती वाळण्यापूर्वी नासली असती. म्हणून गोवेकरांनी जे हाताशी होते ते घेतले. द्राक्षांच्या दारूची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या शिरक्याने घेतली. अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्याच जहाजांवरून आलेली मिरची सढळ हाताने पडली. तिच्या जोडीला आले, लसूण, हळद, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी ही आपली मंडळी होतीच. मांसाचे लहान तुकडे आधी मिठात दडपून त्यांचे पाणी काढावयाचे, मग शिरक्यात वाटलेल्या मसाल्यात मुरवावयाचे, आतड्यात भरून दोऱ्याने आवळून त्यांचे मणी पाडावयाचे आणि उन्हात व चुलीच्या धुरावर सुकवावयाचे. मणी लहान, म्हणून ते लवकर वाळतात. शिरका आंबट, म्हणून जंतूंना थारा मिळत नाही.

हे सारे कशासाठी, तर पावसाळ्यासाठी. कोकणात मृगापूर्वी जी बेगमी करतात तिला आगोट म्हणतात. गोव्यात तिलाच पुरुमेंत म्हणतात. तोही शब्द पोर्तुगीजच, तरतूद या अर्थाचा. सुकी मासळी, आमसुले, मिरच्या, लोणची यांच्या रांगेत ख्रिस्ती घरांमध्ये चौरीसांच्या माळा टांगल्या जात. समुद्र खवळला, मासळी बंद झाली, बाजारास जाणे दुष्कर झाले, की दोन-चार मणी तोडून कांद्याबरोबर शिजवावयाचे आणि पावाबरोबर खावयाचे.

आता नावामागील फरक पाहा. पोर्तुगालहून आलेला पाहुणा गोव्यात चौरीस पाहून शोरीसु समजला आणि त्याने एक मणी कापून तसाच तोंडात टाकला, तर त्याची माझ्या भाच्यासारखीच गत होण्याचा संभव आहे. कारण गोव्याचे चौरीस कच्चे असते, ते शिजवूनच खाल्ले पाहिजे. नवलाची गोष्ट अशी की अशीच कथा पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास मेक्सिकोमध्ये घडली. तेथे स्पॅनिश लोकांबरोबर चोरिसो गेले. तेथेही शिरका आणि स्थानिक मिरच्या आल्या. आणि तेथील चोरिसोही बहुधा कच्चेच विकले जाते व शिजवून खाल्ले जाते. गोवा आणि मेक्सिको यांनी परस्परांस विचारून काही केलेले नाही. दोघांनी आपापल्या हवापाण्यास विचारले, आणि उत्तर सारखेच आले.

शिरक्यात मुरविण्याच्या या युक्तीने आणखी एका शब्दास जगप्रवास घडविला. द्राक्षांची दारू आणि लसूण यांच्यात मांस मुरवून ठेवण्याच्या पद्धतीस पोर्तुगीज लोक 'विन्या दालुश' म्हणतात. गोव्यात दारूचा शिरका झाला, मसाले वाढले, आणि शब्दाचा झाला विंदालू. तेथून तो इंग्रजांबरोबर विलायतेस गेला. आज इंग्लंडातील उपाहारगृहांत विंदालू म्हणजे कोणत्याही मांसाची जहाल तिखट आमटी. आणि नावाच्या शेवटी 'आलू' ऐकू येते म्हणून कित्येक ठिकाणी तीत बटाटेही घालतात! मूळ शब्दात बटाटा नाही, लसूण आहे. पोर्तुगीजांच्या मदेरा बेटावर हेच मांस आजही नाताळात करतात. तेथील मजुरांबरोबर ते दक्षिण अमेरिकेतील गयानात गेले आणि तेथे त्यास 'गार्लिक पोर्क' म्हणतात. एकाच मडक्यातून निघालेले हे तीन भाऊ आज एकमेकांस ओळखणार नाहीत.

आणि पोर्तुगीज भाषेतील मौज अद्याप संपलेली नाही. पोर्तुगालमध्ये 'प्रेझुंतु' म्हणजे मीठ लावून महिनोन्‌महिने वाळविलेली, न शिजविता खावयाची मांडी; शिजविलेल्या हॅमला तेथे 'फियांब्रे' म्हणतात. ब्राझीलमध्ये भाषा तीच, पण 'प्रेझुंतु' म्हटले की शिजविलेले हॅम पुढे येते. स्पेनमध्ये 'फियांब्रे' म्हणजे कोणतेही थंड मांस. ग्वातेमालात ते नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस करावयाच्या एका मोठ्या कोशिंबिरीचे नाव आहे. स्पेनमधील शिजविलेल्या हॅमला 'हामोन दे योर्क', म्हणजे इंग्लंडातील यॉर्क शहराचे, असेही म्हणतात. ते यॉर्कहून आलेले असते असे मात्र समजू नये.

मग या नावांच्या अरण्यात वाट दाखविणारे कोणी आहे की नाही? आहे, तो कायदा. नावावर हक्क कोणाचा, हा प्रश्न न्यायालयांनी गांभीर्याने हाताळलेला आहे. इटलीतील पार्मा परिसरात वाळविलेल्या हॅमला १९९६ सालापासून युरोपात नावाचे संरक्षण आहे. ते केवळ सागरी मिठाने मुरवितात, त्यात नायट्राइट घालीत नाहीत, आणि परीक्षेस उतरलेल्या मांडीवर पाच टोकांच्या मुकुटाचा डाग देतात. २००३ साली युरोपीय न्यायालयापुढे असा वाद आला की पार्मात तयार झालेली मांडी इंग्लंडात नेऊन तेथे कापली व पाकिटात भरली तर तिला पार्माचे नाव लावता येईल काय. न्यायालयाने ठरविले की कापणे आणि भरणेही त्याच प्रदेशात व्हावे अशी अट योग्य आहे. मात्र ती व्यापाऱ्यांस पुरेशी जाहीर केलेली नसल्यामुळे त्यांच्यावर लादता येणार नाही. उलट कॅनडात एका स्थानिक कंपनीने 'पार्मा' हे नाव आपले व्यापारचिन्ह म्हणून आधीच नोंदवून ठेवले होते. परिणामी खऱ्या पार्माचे हॅम तेथे आपल्या नावाने विकता येईना; ते 'मूळचे प्रोशुत्तो' अशा अर्थाच्या नावाने विकावे लागे. घरधन्यासच आपल्या घराबाहेर उभे राहावे लागण्याचा हा प्रकार २०१७ साली युरोप व कॅनडा यांच्यातील व्यापारी करार अमलात येईपर्यंत चालला. स्पेनने २०१४ साली आपल्या इबेरिक हॅमसाठी काळी, तांबडी, हिरवी आणि पांढरी अशा चार रंगांच्या चिठ्ठ्या ठरविल्या. जनावराची जात शुद्ध की मिश्र, त्याने रानातील ओकची फळे खाल्ली की धान्य, हे गिऱ्हाइकास रंगावरून कळावे, हा हेतू.

आपणही या बाबतीत मागे नाही. भौगोलिक चिन्हांचा आपला कायदा १९९९ सालचा. तो २००३ साली अमलात आला आणि त्याखाली धारवाडी पेढ्याच्या नावाची नोंद झालेली आहे. उत्तर प्रदेशातील उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबाने ज्या पेढ्याचा पाया घातला, त्याच्या नावास आता कायद्याचा आधार आहे. भारताच्या त्याच नोंदपुस्तकात पार्माच्या हॅमचेही नाव दाखल आहे. एक दुधाचा, एक मांसाचा. परंतु दोघांचा दावा एकच : आमचे नाव घ्यावयाचे तर आमची कृती आणि आमचे स्थळ यांसह घ्या. राज्याचे विधी विद्यापीठ आमच्या नवनगरातच आहे. तेथील विद्यार्थ्यांनी या एका पानावर बसलेल्या दोन शेजाऱ्यांकडे जरूर पाहावे.

तथापि कायदा प्रत्येक नावाचे संरक्षण करू शकत नाही. बेकन, हॅम, चोरिसो ही सर्वसाधारण नावे कोणाच्याच मालकीची नाहीत. ती जशी जेथे रुजली तशी तेथे राहणार. आणि नाव कोणतेही असले तरी एक गोष्ट सर्वांना समान लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१५ साली मुरविलेल्या, खारवलेल्या व धुरावलेल्या सर्व प्रकारच्या मांसाचा समावेश कर्करोगास कारणीभूत असल्याचे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या वर्गात केला. असे मांस दररोज ५० ग्रॅम खाल्ले तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्या संस्थेचा निष्कर्ष आहे. याचा अर्थ ते तंबाखूइतकेच घातक आहे असा नव्हे. पुरावा निश्चित आहे इतकाच त्या वर्गाचा अर्थ. परंतु जुन्या लोकांनी जे पावसाळ्याची तरतूद म्हणून दोन-चार मण्यांच्या प्रमाणात खाल्ले, ते रोज सकाळी ताटभर खाण्याची वस्तू नव्हे, एवढे तरी त्यातून समजावयास हरकत नाही.

तेव्हा परदेशी निघालेल्या आपल्या मुलांना जाताना काय सांगावे? नावांची यादी पाठ करून काही उपयोग नाही. देश बदलला की यादी बदलेल. त्यापेक्षा तीन प्रश्न शिकवावेत. हे कोणत्या अंगाचे? हे कशाने मुरविले : मिठाने, धुराने, की शिरक्याने? आणि हे शिजविलेले आहे की कच्चे? जे हे मांस खात नाहीत त्यांनी त्यांत चौथ्याची भर घालावी : यात चरबी आहे काय, आणि असल्यास कोणाची? हे प्रश्न विचारण्यात संकोच मुळीच वाटू नये. ज्या दुकानदारास आपल्या मालाचा अभिमान आहे, तो असे विचारणाऱ्यावर रागावत नाही. तो आनंदाने सविस्तर उत्तर देतो.

माझा भाचा आता लिस्बनला आहे. परवा त्याचा दूरध्वनी आला. एका ब्राझिली सहकाऱ्याने त्यास न्याहारीसाठी प्रेझुंतु आणावयास सांगितले होते. तो दुकानात गेला, आणि पाकीट उचलण्यापूर्वी त्याने विचारले, "शिजवलेले की वाळवलेले?" दुकानदार हसला आणि म्हणाला, "साहेब, मागणारा कोठला आहे ते आधी सांगा."

पुण्याचे आमचे आप्तही आता पत्र लिहिताना नुसते 'पेढे पाठवा' असे लिहीत नाहीत. ते लिहितात, 'धारवाडी पेढे पाठवा.' एका विशेषणाची भर पडली, आणि सारा गैरसमज संपला.